आधी दिलेला शब्द

कॅथलिक माणसाला फ्रीमेसन लॉजचे सदस्य होता येते का? चर्चचे उत्तर ‘नाही’ असे आहे. १७३८ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी ते पहिल्यांदा दिले. १३ नोव्हेंबर २०२३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मंजूर केलेल्या पत्रातही ते बदललेले नाही. मला ते उत्तर मान्य आहे. तरी हा लेख लिहितो आहे, कारण या साध्या उत्तराभोवती दोन खोट्या गोष्टी फिरत असतात. एक लॉजच्या बाजूने येते, दुसरी आमच्याच बाकांवरून. दुसरीचा मला जास्त राग येतो.

मी मूळचा वसईचा कॅथलिक. रायपूरच्या गोल बाजारात आमचे भांड्यांचे दुकान आहे. लग्नाच्या खरेदीला इथे सगळ्या जातिधर्मांची माणसे येतात आणि दुकानदारांचीही सगळ्यांशी ओळख होते. ओळखीतून क्लबांची, मंडळांची निमंत्रणे येतात; क्वचित कुणाला लॉजचेही येते. निमंत्रण देणारी माणसे बहुधा सज्जन असतात: डॉक्टर, वकील, निवृत्त अधिकारी, गरजूंना हात देणारी. म्हणूनच हा प्रश्न अवघड आहे. दुर्जनांपासून दूर राहायला कुणाला पोपचे पत्र लागत नाही.

पहिली खोटी गोष्ट अशी: ‘ती बंदी १९८३ मध्येच उठली.’ तिच्या मुळाशी अर्धे सत्य आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत फ्रीमेसनांचा नावानिशी उल्लेख होता आणि सदस्य होताच धर्मबहिष्काराची शिक्षा आपोआप लागू होत असे. १९७४ मध्ये कार्डिनल शेपर यांच्या एका पत्राने गोंधळ वाढवला. चर्चविरुद्ध कारस्थान करणाऱ्या संघटनांनाच ते कलम लागू आहे, असे त्यात म्हटले होते. अनेकांनी ती परवानगी समजली. १९८१ मध्ये रोमने खुलासा करून तो समज खोडला. १९८३ च्या नव्या संहितेत फ्रीमेसन हे नाव नाही, आपोआप लागणारा बहिष्कारही नाही. पण ती संहिता अमलात येण्याच्या आदल्याच दिवशी, २६ नोव्हेंबरला, कार्डिनल रात्झिंगर यांच्या सहीने आणि पोप दुसरे जॉन पॉल यांच्या संमतीने घोषणा निघाली. चर्चचे मत कायम आहे. लॉजचा कॅथलिक सदस्य गंभीर पापाच्या स्थितीत असतो आणि त्याला ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. स्थानिक बिशपांना यात सूट देण्याचा अधिकार नाही. २०२३ मध्ये फिलिपीन्समधील दुमागेतेच्या बिशपांनी विचारले, तेव्हा रोमने याच घोषणेकडे बोट दाखवले.

माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना हे अर्धे सत्य पुरे म्हणून सांगितले गेले. ते सदस्य झाले. खरे काय ते कळले तेव्हा तिथे मित्र जोडले गेले होते, शब्द दिला गेला होता. आता मिस्सेला सगळे रांगेत पुढे जातात, तेव्हा ते बाकावरच बसून राहतात. ‘बाबा का येत नाहीत?’ असे मुलीने विचारले, तर आईकडे उत्तर नसते. नियम जुनाट आहे की योग्य, यावर वाद घालता येईल. नियमच नाही असे सांगून कुणाला आत नेणे ही मात्र सरळ फसवणूक आहे, आणि तिची किंमत त्या घराने मोजली.

आता आमच्या बाजूची खोटी गोष्ट. ‘लॉजमध्ये सैतानाची पूजा चालते.’ ही कथा लोकप्रिय करण्यात लिओ ताक्सिल नावाच्या फ्रेंच लेखकाचा मोठा हात आहे. १८८५ मध्ये त्याने आपण पुन्हा कॅथलिक झाल्याचे जाहीर केले आणि लॉजमधल्या सैतानपूजेची रसभरित वर्णने छापायला सुरुवात केली. भाविकांनी ती वाचली, धर्मगुरूंनी उचलून धरली. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमधल्या भर सभेत त्याने सांगून टाकले की सगळी थट्टा होती. या गोष्टीला सव्वाशे वर्षे उलटली, तरी त्याच भाकडकथा आज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना दिसतात, आणि पुढे पाठवणारे आमचेच लोक असतात.

छत्तीसगडमध्ये राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला तरी हे शोभत नाही. ‘बंद दाराआड हे लोक काय करतात?’ हा प्रश्न इथे आमच्या प्रार्थनासभांबद्दल विचारला जातो. त्यातून उठलेली अफवा गावात काय करू शकते, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. जे माप आम्हाला लावलेले आवडत नाही, ते दुसऱ्याला लावायचा आम्हाला हक्क नाही.

मग नकाराचे खरे कारण कोणते? ते समजायला लॉजचे चांगले काय होते तेही मान्य करावे लागेल. १८४३ मध्ये जेम्स बर्न्स यांनी मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज हिंदी लोकांसाठी उघडले. पारशी आणि मुसलमान तिथे इंग्रजांबरोबर बंधू म्हणून बसू शकत होते. ज्या काळात गोऱ्यांच्या क्लबचे दार हिंदी माणसाला बंद होते, त्या काळात ही छोटी गोष्ट नव्हती. लाहोरच्या लॉजमध्ये १८८६ साली दाखल झालेल्या किपलिंगने आपल्या लॉजवर कविता लिहिली. तिच्यातल्या सदस्यांत एक रोमन कॅथलिकही आहे. म्हणजे बंदी होती आणि ती मोडणारेही होते.

पण हिंदूंना आत घ्यायचे का, यावर याच बंधुमंडळात वर्षानुवर्षे वाद चालला. अनेक देव मानणारा माणूस ‘विश्वाच्या महान शिल्पकारा’ची शपथ कशी घेणार, अशी शंका होती. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त यांना बरीच वर्षे झगडून १८७२ मध्ये प्रवेश मिळाला. सांगायचे एवढेच, की तुझा देव आमच्या शपथेत बसतो का, हा प्रश्न लॉजनेही विचारला होता. चर्च तोच प्रश्न उलट बाजूने विचारते.

१८७७ मध्ये कुटुंबाबरोबर एक मुलगा रायपूरला आला आणि सुमारे दोन वर्षे गोल बाजारापासून जवळच असलेल्या बुढापाऱ्यात राहिला: नरेंद्रनाथ दत्त, पुढचे विवेकानंद. १८८४ च्या फेब्रुवारीत ते कोलकात्याच्या एका लॉजचे सदस्य झाले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये पोप तेरावे लिओ यांनी फ्रीमेसनरीविरुद्ध आपले सर्वांत कठोर परिपत्रक काढले. यात एकाला उदार आणि दुसऱ्याला कोता ठरवणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. सगळी नावे एकाच सत्याची आहेत असे जो मानतो, त्याला बिननावाच्या शिल्पकारापुढे उभे राहताना काही सोडावे लागत नाही. कॅथलिक माणूस मात्र दर रविवारी उभा राहून म्हणतो की देवाने येशूमध्ये स्वतःला प्रकट केले. लॉजमध्ये पाऊल टाकताना त्याला हे वाक्य दाराबाहेर ठेवावे लागते. तिथे त्याला कुणी येशूला नाकारायला सांगत नाही, हे खरे. पण तिथल्या विधीत येशू हे ज्याचे त्याचे खासगी मत होऊन बसतो. माझ्या श्रद्धेत तो तसा नाही.

दुसरे कारण शपथेचे. गोल बाजारात कुणी कोऱ्या कागदावर सही करत नाही. लॉजमध्ये मात्र गुपित कळण्याआधी ते राखण्याचा शब्द द्यावा लागतो. यावर लॉजमधले मित्र म्हणतात, ‘तुमचा तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा दुसरे काय असतो?’ आक्षेप रास्त आहे. उत्तर असे की बाळाच्या वतीने जे कबूल केले जाते ते भरसभेत, मोठ्याने आणि कुणालाही ऐकता येईल असे. मोठेपणी तोच शब्द तो स्वतः देतो, किंवा देत नाही. लॉजची शपथ आता सौम्य झाली आहे. इंग्लंडच्या ग्रँड लॉजने १९८६ मध्ये तिच्यातल्या भीषण शिक्षा काढून टाकल्या. पण आक्षेप शिक्षेवर नव्हता. आधी एक शब्द दिलेल्या माणसाने, न पाहिलेल्या गोष्टीसाठी दुसरा शब्द द्यावा का, हा प्रश्न उरतोच.

चर्चलाही एक ऐकवले पाहिजे. १७३८ च्या आदेशात ‘आम्हाला ठाऊक असलेली इतर कारणे’ असा मोघम उल्लेख आहे. दुसऱ्याच्या गुपितावर बोट ठेवणाऱ्याने आपली कारणे गुपित ठेवू नयेत. जर्मनीच्या बिशपांनी १९७४ पासून सहा वर्षे फ्रीमेसनांशी प्रत्यक्ष चर्चा केली आणि १९८० मध्ये कारणांसह सांगितले की दोन्हीकडे एकाच वेळी राहता येत नाही. असे बोलावे. आमच्या धर्मगुरूंनी वर्षातून एकदा प्रवचनात पाच मिनिटे काढून नियम, त्याचे कारण आणि परत येणाऱ्यासाठी पापनिवेदनाचा मार्ग सांगावा, आणि सैतानाच्या गोष्टी थांबवाव्यात. लॉजमधल्या सज्जनांनी कॅथलिक मित्राला अर्ज देतानाच सांगावे: तुझे चर्च याला मनाई करते, विचार करून ये.

तेवढे कळल्यावर जो जाईल, तो डोळे उघडे ठेवून जाईल. राज्यघटनेने त्याला ते स्वातंत्र्य दिले आहे आणि चर्चला आपले नियम ठरवण्याचेही. मी जाणार नाही. माझा शब्द आधीच दिलेला आहे.