प्रयोगशाळेचा तास राहू द्या

काही पालकांनी सुचवले आहे की अकरावीचा प्रयोगशाळेचा तास कोचिंगच्या तयारीला द्यावा. आम्हाला हे पटत नाही. कारण सांगायला कार्बन तंतूंचे उदाहरण घेतो. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, बोलताना ‘रेशा’ म्हणून गेलो तर सांभाळून घ्यावे.)

हा तंतू केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका, ५ ते ७ मायक्रोमीटर जाडीचा. बोइंग ७८७ विमानाच्या रचनेत वजनाने सुमारे निम्मा वाटा संमिश्र पदार्थांचा आहे, आणि त्यांत मुख्य बळ याच तंतूंचे. पण नवा तंतू गुळगुळीत असतो, इपॉक्सी राळ त्याला नीट धरत नाही. ताण पडला की तो राळेतून सुटतो. म्हणून त्याला धनाग्र करून अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणातून नेतात. पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट येतात आणि पकड बसते. प्रक्रिया जास्त झाली, तर तंतूच दुबळा होतो. तेव्हा मोजल्याशिवाय गत्यंतर नाही. क्ष-किरणांची यंत्रे महागडी, पण एक परीक्षा द्रवाच्या थेंबाची आहे: तो गोळा होऊन बसतो की पसरतो, त्याचा कोन किती?

हीच परीक्षा आमची मुले काचपट्टीवर आणि मेणकागदावर पाण्याचा थेंब टाकून करतात. गेल्या सत्रात काचेवरचे कोन कुणाचेच जुळेनात. दोन तासांनी एका मुलीच्या लक्षात आले, काचेला बोटांचे तेल लागले होते! टेस्ट सिरीजमध्ये हा प्रश्न कुठून येणार?

विश्वस्तांच्या येत्या बैठकीत आम्ही तास कायम ठेवण्याची विनंती करणार आहोत. शिवाय बारा नवे ड्रॉपर हवेत.