मुरू दे की जरा!

गेल्या महिन्यातल्या फीस्टच्या दिवशी मी मेसमध्ये जरा शहाणपणा करायला गेले. मावशी मोठ्या पातेल्यात चिकनला दही, आलं-लसूण, हळद, मीठ चोळत होत्या. मी विचारलं, "मावशी, किती वेळ मॅरिनेट करणार?"

"काय करनार?"

"मॅरिनेट."

"नाय गं बाई, आपलं साधंच चिकन हाय. ते हॉटेलातलं नाय."

मागे माझी रूम पार्टनर हसून हसून खाली बसली. मी घाईघाईने म्हटलं, "म्हणजे मसाला लावून ठेवणार ना?" त्यावर मावशी म्हणाल्या, "मग तसं बोल की! मुरू दे दोन तास."

तर मित्रमैत्रिणींनो, आधीच कबूल करते. मी पक्की कॉन्व्हेंटवाली. आमच्या शाळेत मराठीत बोललं की एक रुपया दंड व्हायचा. मला अजूनही 'एकोणसाठ' म्हटलं की मनात आधी 'सिक्स्टी मायनस वन' करावं लागतं. (शुद्धलेखन संपादकांनी तपासलं आहे, त्यांचे आभार!) पण त्या दिवशी मला वाटलं, मावशींना माझा शब्द कळला नाही हे ठीक आहे, मला तरी तो कुठे कळला होता?

म्हणून लायब्ररीत जाऊन शोधलं. 'मॅरिनेट'च्या मुळाशी लॅटिनमधला समुद्र आहे. मासे टिकवण्यासाठी खाऱ्या पाण्यात ठेवायचे, त्यावरून हा शब्द युरोपात फिरत फिरत इंग्रजीत आला. म्हणजे आपल्या मरीन ड्राईव्हचा 'मरीन' आणि चिकनचं मॅरिनेशन हे सख्खे नातेवाईक! दुसरीकडे, 'मुरांबा' म्हणजे मुरलेला आंबा असं मी छातीठोकपणे सांगत होते, तर तो निघाला अरबी 'मुरब्बा'! त्यामुळे "परके शब्द हाकला" असलं भाषण मी ठोकणार नाही. मॅरिनेट खुशाल म्हणा.

पण 'मुरणे' हा काय जबरदस्त शब्द आहे, बघा ना. लोणचं मुरतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं. माणूस राजकारणात मुरतो. आणि कुठे घोळ असेल तर "पाणी कुठेतरी मुरतंय"! जमिनीत पाणी 'मॅरिनेट' झालं म्हटलं तर लोक वेड्यात काढतील. शिवाय मॅरिनेट आपण करतो. मुरणं मात्र आपोआप होतं. आपण लावायचं, झाकायचं आणि गप्प बसायचं. आणि नेमकं तेच आपल्याला जमत नाही!

आता थोडं इंजिनिअरिंग. मसाला लावला की सगळं आत जातं हा गैरसमज आहे. मीठ हळूहळू आत शिरतं. हळद, तिखट, लसूण यांची चव मात्र वरच्या काही मिलिमीटरमध्येच राहते. फिक नावाच्या शास्त्रज्ञाने 1855 मध्ये डिफ्यूजनचा नियम मांडला. त्याचा साधा अर्थ असा, की अंतर दुप्पट झालं तर आत पोचायला वेळ साधारण चौपट लागतो. मावशी चिकनला सुरीने चिरा पाडतात त्या याचसाठी. त्यांनी फिक वाचलेला नाही, पण तो त्यांच्यात मुरलेला आहे! आणि उगाच जास्त वेळ ठेवूनही उपयोग नाही. कच्च्या पपईत पेपेन असतं, ते प्रथिनं तोडतं. प्रमाण चुकलं तर मटणाचा लगदा होतो.

याउलट माझी गोष्ट ऐका. मागच्या सेमिस्टरला काँक्रीटची ओरल होती. मी रात्रभर जागून सगळं पाठ केलं होतं. एक्स्टर्नल सरांनी मराठीत विचारलं, "स्लॅबवर पाणी का मारतात?"

"क्युरिंगसाठी, सर."

"क्युरिंग म्हणजे?"

"पाणी मारणे, सर."

सर शांतपणे म्हणाले, "दोन शब्द आहेत तुझ्याकडे. उत्तर एकही नाही."

काँक्रीट सुकून घट्ट होतं असंच मला तोपर्यंत वाटत होतं. प्रत्यक्षात ते सुकू द्यायचं नसतं. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया चालू राहावी म्हणून ते ओलं ठेवायचं. साध्या सिमेंटला कमीत कमी 7 दिवस, असं आपलं आय.एस. 456 सांगतं. 7 दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते आणि क्यूब 28 दिवसांनी तपासतात. थोडक्यात, काँक्रीटलाही मुरावं लागतं. हे सगळं माझ्या जर्नलमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. कारण ते मी आदल्या रात्री दुसऱ्याच्या जर्नलवरून उतरवलं होतं!

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण पी.एल.मध्ये जे करतो तो वरचा मसाला आहे. पेपरपुरता वास येतो, आत सगळं आळणी. दोष फक्त आपला नाही. चार महिन्यांचं सेमिस्टर, त्यात टेस्ट, सबमिशन, गॅदरिंग... सरांनाही पोर्शन संपवायचा असतो. पण आठवड्यातून एक तास असा ठेवता येईल का, की ज्यात नवीन काहीच शिकवायचं नाही? झालेलंच पुन्हा, आपल्या घरच्या भाषेत, एकमेकांना समजावून सांगायचं. मराठी, हिंदी, कन्नड, कोणतीही चालेल. इंग्रजी शब्द घोकता येतो. घरच्या भाषेत सांगताना मात्र लपायला जागा उरत नाही.

मी हा प्रयोग मावशींवरच केला. भांडी आवरता आवरता त्यांना क्युरिंग समजावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ठावं हाय. माझा पोरगा साईटवर पानीच मारतो. सात दिस मारायचं, पर तिसऱ्या दिवशी सायेब म्हनतो बास, टँकर परवडत नाय."

मग जाता जाता म्हणाल्या, "तू सायेब झालीस की मारू दे हं पानी."

हे मात्र मला पाठ करावं लागलं नाही.

— तृतीय वर्ष (स्थापत्य)