गरिबांच्या मुलांना अर्धाच शिक्षक का?

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी मागणी केली, की प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याला पुरेसा पगार मिळावा आणि तो कष्टकरी शेतकरी वर्गातून यावा. अशाच शिक्षकाला मुलांच्या गरजा कळतील, हे त्यामागचे कारण होते. सावित्रीमाईंनीही अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले होते. सेवाभावाच्या नावाखाली अर्ध्या तयारीचा शिक्षक बहुजनांच्या माथी मारावा, असे आपल्या परंपरेने कधीच म्हटलेले नाही.

प्रत्यक्षात मात्र तेच झाले. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा, वीटभट्टीवर भोंगाशाळा, वाड्या-तांड्यांवर वस्तीशाळा निघाल्या. तिथे शिकणारी मुले कोणाची? बहुतेक दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्तांची. आणि शिकवणारे? तुटपुंज्या मानधनावर राबणारी आपलीच दहावी-बारावी झालेली पोरे. वस्तीशाळेच्या निमशिक्षकांना तर सेवेत कायम होण्यासाठी २०१४ सालापर्यंत झगडावे लागले. या तरुणांच्या कष्टाबद्दल शंका नाही. प्रश्न व्यवस्थेला आहे.

पर्यायी शाळेतले काम सोपे नसते, उलट ते अधिक कठीण असते. एकाच पत्र्याखाली चार इयत्तांची मुले बसतात. कोणी घरी गोरमाटी बोलते, कोणी पावरी, आणि पुस्तक प्रमाण मराठीत. एक मूल दिवाळीनंतर येते, दुसरे होळीआधीच निघून जाते. अशा मुलाला नेमके काय येते हे चार दिवसांत ओळखणे, त्याची बोली हाताशी धरून वाचन शिकवणे, पुढच्या शाळेत त्याची नोंद पोहोचवणे आणि वर्गात शिरलेली जात ओळखून ती मोडून काढणे, ही सारी तज्ज्ञाची कामे आहेत. दोन दिवसांच्या शिबिरात ती येत नाहीत आणि नेहमीच्या डी.एड.मध्येही पुरेशी शिकवली जात नाहीत. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने बहुवर्ग अध्यापनाची पद्धत बसवली व ती शिक्षकांना शिकवली. म्हणजे हे होऊ शकते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्ग आणि त्यासाठी विशेष प्रशिक्षण हा हक्क दिला. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने स्थलांतरितांच्या मुलांसाठी पर्यायी केंद्रांची भाषा केली आणि शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षणही सांगितले. मग पर्यायी केंद्रातील शिक्षक त्यातून बाहेर का राहावा? 'स्वयंसेवक' म्हटले की जबाबदारी झटकता येते, म्हणून?

आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी या शिक्षकांसाठी काम करता करता पुरा करता येईल असा एक वर्षाचा प्रगत पदविका अभ्यासक्रम सुरू करावा. त्याचा मोठा भाग फडावर आणि भट्टीवर, अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावा. पदविकेला शासनमान्यता असावी आणि तिच्यामुळे पगार वाढावा. पगाराशिवाय प्रशिक्षण म्हणजे नुसते ओझे.

चळवळीतील संस्थाचालकांनीही स्वतःला विचारावे, की आपल्या अध्यापक महाविद्यालयांतील किती विद्यार्थी सरावपाठासाठी उसाच्या फडावर जातात? निवृत्त शिक्षकांनी आणि कर्मचारी संघटनांनी तालुक्यातील एकेक केंद्र दत्तक घेतले, तरी सुरुवात होईल.

'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. तो पाळायचा तर शिकवणाराही पूर्ण तयारीचा हवा. ज्याच्या वाट्याला सर्वांत कमी आले, त्याला सर्वांत चांगला शिक्षक मिळाला पाहिजे. समतेचा अर्थ याहून वेगळा नाही.