सातवीनंतरच्या मुली आणि शिक्षणाधिकाऱ्यांची खुर्ची

जिल्ह्याला नवे शिक्षणाधिकारी आले की पहिल्या आठवड्यात त्यांच्या दालनाबाहेर रांग लागते. शाल, पुष्पगुच्छ, फोटो. शिक्षक संघटना येतात, संस्थाचालक येतात. आपल्या समाजातली मंडळीही ‘उर्दू शाळांच्या समस्या’ असे निवेदन घेऊन जातात. साहेब त्यावर शेरा मारतात, दुसऱ्या दिवशी बातमी छापून येते. पुढे साहेबांची बदली होते आणि तेच निवेदन तारीख बदलून नव्या साहेबांना दिले जाते. या खुर्चीकडून नेमके काय मागायचे, हेच आपण अजून ठरवलेले नाही, असे मला वाटते.

प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांचे पद बाहेरून दिसते तेवढे ताकदवान नाही, हे आधी मान्य करू. १९६२ साली जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. पण आज शिक्षक भरती राज्य पातळीवर पवित्र पोर्टलवरून होते, बदल्या ऑनलाइन होतात आणि शाळेला किती पदे मिळणार हे संचमान्यतेत ठरते. वर मुख्य कार्यकारी अधिकारी आणि पुण्याचे संचालनालय, खाली गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख. यातल्या कित्येक खुर्च्यांवर प्रभारी माणूस, म्हणजे एकाच्या डोक्यावर दोघांचे काम. सकाळी व्हीसी, दुपारी कोर्टाची तारीख, संध्याकाळी ‘आजच सादर करा’ असा शेरा असलेली माहिती. शाळा पाहायला वेळ उरतोच कुठे?

त्यात २०२२ साली बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक आले. ‘माझ्या गटातल्या शाळेला शिक्षक का नाही?’ असे भर सभेत विचारणारा सदस्य उरला नाही, शिक्षण समिती उरली नाही. एखाद्या अधिकाऱ्याला कटकट गेली असे वाटले असेल. पण विचारणारा नसला की कागदावर जे लिहिले तेच खरे ठरते आणि त्या कागदात जे मावत नाही ते कुणालाच दिसत नाही.

काय मावत नाही, ते मी दरवर्षी जूनमध्ये पाहते. मी एका अनुदानित उर्दू हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. आसपासच्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळा सातवीपर्यंत आहेत. आठवीसाठी मुले आमच्याकडे येतात. मुलगे सायकलने, एसटीने, कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून येतात. मुलींमधली काही नावे मात्र गळतात. चौकशी केली की आई सांगते, “आपा, अब घर पे ही है. इतने दूर अकेली कैसे भेजें?” यात धर्माचा हट्ट शोधणाऱ्यांनी आधी त्या गावची एसटी किती वाजता सुटते ते पाहावे. शाळा पाचला सुटते आणि शेवटची गाडी साडेचारला गेलेली असते, तेव्हा कुठल्याही जातिधर्माची आई हेच म्हणेल.

आता ही मुलगी सरकारी कागदावर कुठे आहे? सातवीच्या शाळेने दाखला दिला, त्यामुळे ती त्यांच्या पटावर नाही. आमच्याकडे ती आलीच नाही, म्हणून आमच्याही पटावर नाही. गावात मराठी शाळा आठवीपर्यंत असेल तर तीन किलोमीटरच्या आत ‘शाळा उपलब्ध’ अशी नोंद होते. सात वर्षे सगळे विषय उर्दूत शिकलेल्या मुलीने एका जूनमध्ये विज्ञान आणि गणित मराठीतून सुरू करायचे, असा त्याचा अर्थ. मुस्लिम मुलांनी पहिलीपासूनच मराठी माध्यमात शिकावे असे मानणारे आपल्यातही पुष्कळ आहेत. तो वाद जरूर घालू. पण जी मुलगी आज उर्दू शाळेत सातवीत बसली आहे, तिला त्या वादाचा निकाल लागेपर्यंत घरी बसवता येणार नाही.

इथे शिक्षणाधिकाऱ्यांची खरी जबाबदारी सुरू होते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ९ ने स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेवर, स्पष्ट कर्तव्य टाकले आहे. आपल्या हद्दीतल्या प्रत्येक बालकाचा प्रवेश, हजेरी आणि प्राथमिक शिक्षण पूर्ण होणे यावर देखरेख ठेवायची. या कायद्यात प्राथमिक शिक्षण म्हणजे पहिली ते आठवी. सातवीचा दाखला हातात दिला म्हणून जिल्हा परिषद मोकळी होत नाही. प्रत्येक मुलीच्या आठवीपर्यंत ती बांधील आहे.

यासाठी नवी योजना लागत नाही. यू-डायस प्लसमध्ये शाळा सोडलेली पण दुसरीकडे प्रवेश न घेतलेली मुले ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये दिसतात. जुलैअखेर ती यादी काढून केंद्रप्रमुखांना घरोघरी पाठवणे हे साहेबांच्या एका आदेशाचे काम आहे. जिथे पट आहे तिथे सातवीला आठवीचा वर्ग जोडण्याचा प्रस्ताव जिल्ह्यातूनच वर जातो. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना अहिल्यादेवी होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. पण पास असून गाडी नसेल तर उपयोग काय? आगार व्यवस्थापकांशी बोलून एका फेरीची वेळ अर्धा तास पुढे ढकलून घेणे हेसुद्धा शैक्षणिक नेतृत्वच आहे.

दुसरा प्रश्न शिक्षकांचा. कोणत्याही शाळेत मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त पदे रिक्त राहू नयेत, असे याच कायद्याचे कलम २६ सांगते. चार शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी राहिली तरी ती पंचवीस टक्के होते. उर्दू माध्यमाची अडचण आणखी वेगळी आहे. बिंदुनामावलीनुसार काही पदे अशा प्रवर्गांसाठी निघतात, ज्यांत उर्दू माध्यमातून शिकलेले उमेदवारच मिळत नाहीत. मग पद वर्षानुवर्षे रिकामे राहते. दोष आरक्षणाचा नाही. आरक्षणाचा हक्क शाबूत ठेवून या जागांचा मार्ग राज्य सरकारनेच काढायचा आहे. पण कोणत्या गावात, कोणत्या वर्गाला, किती वर्षे शिक्षक नाही, याचा हिशेब मंत्रालयात कोण पाठवणार? शिक्षणाधिकारीच. ‘माझ्या हातात नाही’ हे वाक्य खरे असू शकते. मात्र ते तोंडी सांगून मोकळे होणे वेगळे आणि आकडेवारीसह लेखी वर कळवून तीन महिन्यांनी स्मरणपत्र पाठवणे वेगळे.

कुणी म्हणेल, साहेबांनी फक्त उर्दू शाळांचाच विचार करावा का? मुळीच नाही. ऊसतोड कामगारांची मुले ऑक्टोबरमध्ये शाळेतून निघून जातात, आदिवासी पाड्यावरच्या मुलांना पुस्तकाची भाषा परकी वाटते, दिव्यांग मुलाला शाळेची पायरी चढता येत नाही. जे मोठ्याने ओरडू शकत नाहीत त्या सगळ्यांची ही तक्रार आहे. जिल्ह्याच्या शाळा चालवणाऱ्याची परीक्षा आदर्श शाळेच्या फीत कापण्यात होत नाही, यादीतल्या शेवटच्या शाळेत होते. आपल्या घरांत ‘अमानत’ हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. आपल्याकडे सोपवलेली, आपली नसलेली वस्तू. ही खुर्ची तशीच आहे.

मात्र अमानत सोपवणाऱ्यानेही हिशेब मागायचा असतो. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. आपल्या कित्येक शाळांत ही समिती रजिस्टरात भेटते. सह्या घरी जाऊन घेतल्या जातात आणि ज्या आईची मुलगी आठवीत गेली नाही, तिला आपण सदस्य आहोत हेही माहीत नसते. शाळेत शिक्षक नाही म्हणून ओरडणारे आपण, असलेल्या शिक्षकाने वर्गात काय शिकवले हे किती वेळा विचारतो? माझ्यासह सगळ्या शिक्षकांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

म्हणून पुढच्या वेळी दालनात जाताना शाल आणि दहा मागण्यांचे निवेदन घरीच ठेवा. एकच पान न्या. त्यावर गावाचे नाव, सातवी पास झालेल्या मुलींची संख्या, आठवीत गेलेल्यांची संख्या आणि शेवटच्या एसटीची वेळ लिहा. सोबत त्या मुलींच्या दोन-तीन आयांना घेऊन जा. पोच घ्या आणि तीन महिन्यांनी तेच पान घेऊन पुन्हा जा. साहेब बदलले असतील तर नव्या साहेबांपुढे ठेवा. मागच्या साहेबांचा शेराही दाखवा.