‘मान्दे’: एक शब्द, दोन कान

स्पॅनिश भाषेंत ‘मान्दार’ असें एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ हुकूम करणें किंवा पाठविणें. त्याचें आदरार्थी आज्ञार्थी रूप ‘मान्दे’, म्हणजे ‘आज्ञा करावी’. मेक्सिको देशांत आईनें हाक मारली असतां मूल याच शब्दानें ओ देतें. कोणाचें बोलणें नीट ऐकूं आलें नाहीं, तरी हाच शब्द प्रश्नार्थक स्वरांत उच्चारितात. तेथें नुसतें ‘के?’, म्हणजे ‘काय?’, असें म्हणणें पुष्कळ घरांत उद्धटपणाचें मानितात. उलट स्पेनमधील पुष्कळांच्या कानांस ‘मान्दे’ हा शब्द जुनाट, किंबहुना चाकरानें धन्याशीं बोलावा तसा, वाटतो, ‘के?’ म्हणण्यांत त्यांस कांहीं वावगें दिसत नाहीं. आर्जेंटिनांत ‘दाले’, शब्दशः ‘त्याला दे’, याचा अर्थ ‘बरें, ठीक आहे’ असा होतो! केवळ कोश उघडून परक्याच्या बोलण्याचा न्याय करणारा फसतो तो असा.

मेक्सिकोंतील कांहीं लोक म्हणतात कीं, ‘मान्दे’ ही १५२१ ते १८२१ या ३०० वर्षांच्या स्पॅनिश अंमलांतील दास्याची खूण आहे. ती टाकून द्यावी. त्यांची ही व्यथा हंसण्याजोगी नाहीं. परंतु हा शब्द खुद्द स्पेनमधील वृद्धांच्या तोंडींही ऐकूं येतो. तेव्हां तो केवळ जितांचा म्हणतां येणार नाहीं. शिवाय मेक्सिकोंत बरोबरीचे लोकही तो परस्परांस योजितात. जेथें दोघेही एकमेकांस ‘आज्ञा करावी’ म्हणतात, तेथें धनी कोण व दास कोण?

माझ्या मतें शब्द हलका ठरतो तो एकाच बाजूनें बोलला गेल्यामुळें. आम्ही वडील माणसें मुलांस ‘काय’ न म्हणतां ‘जी’ म्हणावयास शिकवितों, आणि मुलानें हाक मारली कीं ‘काय आहे रे?’ म्हणून खेंकसतों. मग तें ‘जी’ नम्रतेचें राहत नाहीं, भीतीचें होतें. मुलांनींही कोंकणांतून आलेल्या सोबत्याचा एखादा शब्द ऐकून हंसण्यापूर्वीं, त्याच्या घरीं त्या शब्दाचा अर्थ काय, हें त्यास विचारावें.

बाळ शमुवेल रात्रीं तीन वेळां एलीकडे धांवत गेला, हें आम्हीं मुलांस नेहमीं सांगतों. झोंपमोड झाली तरी वृद्ध एली त्याच्यावर रागावला नाहीं, उलट त्यास ‘मुला’ म्हणून ममतेनें बोलला, हेंही सांगावयास हवें.