सगळ्यात ताकदवान कोण? : मालिकांची यादी आणि एका वहीतलं वाक्य



मागच्या पावसाळ्यातला एक शनिवार. वर्तकनगरात सकाळपासून पाऊस कोसळत होता, येऊरचा डोंगर दिसेनासा झाला होता. चौथीच्या वर्गात निम्मीच मुलं. नवीन पाठ घ्यावा तर गैरहजर मुलं मागे पडणार. म्हणून मी म्हटलं, "आज विषय तुम्ही सांगा." लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मालिकेतलं सगळ्यात ताकदवान कोण?"

मग काय विचारता! पाच मिनिटांत फळा भरला. 'सातव्या मुलीची सातवी मुलगी'मधली नेत्रा, विरोचक आणि रूपाली. 'रात्रीस खेळ चाले'मधले अण्णा नाईक आणि शेवंता. आणि चक्क शक्तिमान व किल्विषसुद्धा! "अरे, हे तर तुमच्या जन्माच्या आधीचं," मी म्हटलं. तर उत्तर मिळालं, "बाबांनी मोबाइलवर दाखवलं."

त्या संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. "बाई, शाळेत भुताखेतांच्या मालिकांवर चर्चा कशाला?" प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांना फोनवर नीट उत्तर देता आलं नाही. ते आज इथे देते आहे.

यादी का करू दिली?

पहिली गोष्ट स्पष्ट सांगते. या मालिका लहान मुलांसाठी नाहीत. त्या रात्री उशिरा लागायच्या, त्या वेळी चौथीतलं मूल झोपलेलं असायला हवं. पण वस्तुस्थिती काय? एका खोलीच्या घरात टीव्ही लागला की सगळ्यांसाठीच लागतो. मालिका संपली तरी तिचे तुकडे मोबाइलवर फिरत राहतात. म्हणजे मुलं बघतातच. आपण वर्गात विषय बंद केला तरी मधल्या सुट्टीत तो चालूच राहतो, फक्त आपण तिथे नसतो.

डी.एड.ला असताना पाठ टाचणात आपण सगळ्यांनी लिहिलंय, 'मुलांच्या अनुभवविश्वातून सुरुवात करावी.' मुलांचं अनुभवविश्व आपल्याला आवडेल असंच असेल, असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

म्हणून मी यादी पुसली नाही. प्रत्येक नावापुढे तीन प्रश्न लिहिले :

१) ही ताकद आली कुठून?
२) या पात्राला काय जमत नाही?
३) याला लोक का घाबरतात?

मुलांनी शोधलेली उत्तरं

शक्तिमानपासून सुरुवात केली, कारण तो माझ्या लहानपणीचा. १९९७ साली दूरदर्शनवर सुरू झाला. तो लागला की आमच्या चाळीत रस्ते ओस पडायचे. त्याची ताकद योगसाधनेतून आणि पंचमहाभूतांतून आलेली. एरवी तो कोण? गंगाधर! दात पुढे आलेला, चष्मा लावणारा, सगळ्यांच्या चेष्टेचा विषय झालेला फोटोग्राफर. माझ्या वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, एवढी ताकद आहे तर तो चिडवणाऱ्यांना मारत का नाही?" दुसऱ्या मुलाने उत्तर दिलं, "मारलं तर त्यात आणि किल्विषमध्ये फरक काय?" मला काहीच बोलावं लागलं नाही.

मग नेत्रा. ही मालिका झी मराठीवर सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झाली. तितीक्षा तावडे यांनी साकारलेल्या नेत्राला पुढे घडणाऱ्या गोष्टी आधी दिसतात. मुलांचं म्हणणं, हीच सगळ्यात भारी. मग दुसरा प्रश्न : तिला काय जमत नाही? थोडा विचार करून एक जण म्हणाला, "दिसतं, पण लोकांना पटवता येत नाही." बरोबर! संकट दिसलं म्हणून ते टळत नाही. त्यासाठी धावपळ करावी लागते, कुणाला तरी सांगावं लागतं, समोरच्याने ऐकावं लागतं. ताकदीला मर्यादा नसती तर मालिका पहिल्याच भागात संपली असती. गोष्ट कशी रचतात हे शिकवायला याहून सोपं उदाहरण मला पाठ्यपुस्तकात सापडलं नसतं.

विरोचक हे नाव ऐकून मला पुराणातला विरोचन आठवला. प्रल्हादाचा मुलगा आणि बळीराजाचा बाप. छांदोग्य उपनिषदात त्याची एक गोष्ट आहे, ती मी मुलांना सोपी करून सांगितली. इंद्र आणि विरोचन दोघंही 'खरा मी कोण?' हे शिकायला प्रजापतीकडे गेले. बत्तीस वर्षं राहिले. प्रजापतीने पाण्यात प्रतिबिंब बघायला सांगितलं. विरोचनाला वाटलं, हे शरीर म्हणजेच मी. तो खूश होऊन परत गेला. इंद्र मात्र अर्ध्या वाटेवरून मागे फिरला, कारण त्याला शंका आली. तो पुन्हा विचारत राहिला, पुन्हा राहत गेला, अशी एकूण एकशे एक वर्षं. दोघांना शिक्षक एकच मिळाला होता. फरक फक्त पुन्हा प्रश्न विचारण्याचा.

जादू नसलेलं पात्र

आता गंमत बघा. शेवटी मतदान घेतलं तर पहिले कोण आले? नेत्रा नाही, विरोचक नाही. अण्णा नाईक!

'रात्रीस खेळ चाले' २०१६ मध्ये सुरू झाली, सिंधुदुर्गातल्या आकेरी गावातल्या वाड्यात चित्रित झाली. पहिल्या पर्वाच्या सुरुवातीलाच अण्णा वारतात. २०१९ च्या दुसऱ्या पर्वात माधव अभ्यंकरांनी साकारलेले जिवंत अण्णा आपल्याला दिसले. या पर्वात अण्णांकडे कसली जादू आहे? उडता येत नाही, भविष्य दिसत नाही. त्यांच्याकडे जमीन आहे, पैसा आहे, मोठा आवाज आहे आणि हात उगारायची सवय आहे. मग ते सगळ्यात ताकदवान कसे?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मुलांनीच दिलं, "कारण ते आले की घरात कुणी बोलत नाही."

मला वाटतं, या मालिकेतली खरी भीती याच वाक्यात आहे. माई सगळं बघतात आणि घर धरून बसतात. नोकरमाणसं, मुलं, गावकरी, सगळ्यांना ठाऊक असतं आणि सगळे गप्प असतात. जिवंतपणी ज्यांचं कुणी ऐकलं नाही, ते मेल्यावर भूत होऊन येतात. शेवंताची भीती वाटते ती मेल्यावर. जिवंत असताना ती अण्णांच्याच हातात अडकलेली होती. म्हणजे भूत हे नंतर आलं. आधी आली ती गप्प बसण्याची सवय.

वहीतलं वाक्य

त्या दिवशीचा गृहपाठ होता, 'सगळ्यात ताकदवान पात्र कोणतं व का? पाच वाक्ये लिहा.' सोमवारी वह्या आल्या. एका वहीत अण्णा नाईकांवर चार वाक्यं होती आणि पाचवं असं : 'आमच्या घरी पण एक जण आला की सगळे गप्प होतात.'

मी काय केलं, सांगू? 'ग'चा काना आणि 'त'चं अनुस्वार तपासलं, खाली बरोबरची खूण केली, पुढची वही घेतली. तीस वह्या तपासायच्या होत्या, केंद्रात माहिती पाठवायची होती. रात्री भांडी घासताना ते वाक्य आठवलं आणि हात थांबले.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचा उल्लेखही केला नाही. मधल्या सुट्टीत त्या मुलाला फळा पुसायला थांबवलं, शेजारी बसले. म्हटलं, "तुझं पाचवं वाक्य मला कळलं. सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर नुसतं बसू." पहिल्या दिवशी नुसतंच बसलो. तिसऱ्या दिवशी बोलणं झालं. मग मुख्याध्यापकांना सांगितलं, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला बोलावलं. पुढचं इथे लिहिणार नाही, ते त्या मुलाचं आहे. एवढंच सांगते की आता त्या घरात एक माणूस तरी गप्प बसत नाही.

विचार करा, मी त्या शनिवारी 'असल्या मालिकांचं नाव काढायचं नाही' म्हटलं असतं तर? 'माझे घर' या विषयावर त्याच मुलाने 'माझे घर सुंदर आहे' असंच लिहिलं असतं. दरवर्षी सगळेच तसं लिहितात.

पालकांसाठी आणि शिक्षकांसाठी

भीती आणि अंधश्रद्धेचा मुद्दा राहतोच. त्याबद्दल मी वर्गात ठामपणे बोलते. गोष्टीत जादू चालते, गल्लीत नाही. आपल्या महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप-विंचू चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. येऊरच्या पायथ्याला राहणाऱ्या मुलांना हे माहीत असायलाच हवं. साप निघाला तर मोठ्यांना हाक मारायची, चावला तर थेट दवाखाना.

घरी मालिका चालू असेल तर पालकांनी एवढं करावं. लहान मुलं एकटी बघत असतील तर बंद करा. सोबत बघत असाल तर जाहिरात लागली की वरच्या तीन प्रश्नांपैकी एक विचारा. रात्री मूल घाबरलं तर "एवढा मोठा झालास आणि घाबरतोस?" असं म्हणू नका. "कशाची भीती वाटली?" असं विचारा. उत्तर टीव्हीतलं असेल तर सकाळपर्यंत जाईल. उत्तर घरातलं किंवा गल्लीतलं असेल तर ते कळायलाच हवं.

शिक्षकांनो, वही तपासताना शुद्धलेखनाच्या आधी एकदा नुसतं वाचा. हे मी स्वतःलाच सांगते आहे. आणि १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गात मोठ्या अक्षरांत लावा. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मूल स्वतःही फोन करू शकतं. आमच्या वर्गात तो आता फळ्याशेजारी, पाढ्यांच्या तक्त्याखाली आहे.

मुलांनी मला विचारलं होतं, "बाई, तुमच्या मते सगळ्यात ताकदवान कोण?" त्या शनिवारी मी हसून टाळलं. आता विचारलं तर सांगेन : ज्याने पाचवं वाक्य लिहिलं, तो.