संत्र्याच्या सालीतला दिलासा

नागपूरचे संत्रे कळमन्याच्या बाजारात किलोच्या भावाने विकले जाते. त्याच वर्गातील फळांच्या सालीत असलेले द्रव्य मात्र कॅप्सूलमध्ये भरले, की हृदयाचे आणि चयापचयाचे रक्षक म्हणून मिलिग्रॅमच्या भावाने खपते. या किमयेत विज्ञान किती आणि व्यापार किती, हे तपासणे अगत्याचे आहे.

हेस्पेरिडिन नावाचे हे पॉलिफेनॉल काल्पनिक नव्हे. फ्रान्समध्ये लब्रेतों यांनी ते १८२८ साली सालीच्या पांढऱ्या थरातून वेगळे केले. १९३६ साली सेंट-ग्यॉर्गी यांनी अशा द्रव्यांना ‘व्हिटॅमिन पी’ म्हटले. परंतु ती जीवनावश्यक ठरली नाहीत आणि ते नाव पुढे टाकून द्यावे लागले. पुराव्याच्या पुढे दावा धावतो, हे जुनेच दुखणे आहे.

आजचा पुरावा काय सांगतो? कोकोतील पॉलिफेनॉलांची चाचणी अमेरिकेत २१,४४२ वयस्कांवर सुमारे साडेतीन वर्षे झाली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत हृदयविकाराच्या एकूण घटनांत निर्णायक घट दिसली नाही. हृदयविकाराचे मृत्यू २७ टक्क्यांनी कमी आढळले, पण तो दुय्यम निष्कर्ष होता. शिवाय खर्चाचा काही भार चॉकलेटच्या एका कंपनीने उचलला होता. हेस्पेरिडिनची तर एवढी मोठी कसोटी झालेलीच नाही.

२०१६ च्या नियमांनुसार हे पूरक पदार्थ अन्नात मोडतात. ‘औषधी वापरासाठी नाही’ असे वेष्टनावर छापणे बंधनकारक आहे. तो इशारा बारीक अक्षरांत राहतो, दिलासा मात्र ठळक अक्षरांत मिळतो.

सुखवस्तू माणसाचे यात फार तर पैसे जातात. हिंगण्याच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराचे तसे नाही. सरकारी दवाखान्यात जायचे तर दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तो ‘नैसर्गिक’ कॅप्सूल घेतो आणि रक्तदाबाची गोळी सोडतो. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. तो कळतो तेव्हा अनेकदा अर्धांगवायूच झालेला असतो.

या कामगाराला अडाणी म्हणून चालणार नाही. दवाखान्याची वेळ त्याच्या सोयीची नाही, हा दोष व्यवस्थेचा आहे. शेजारच्या भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांत राष्ट्रीय रक्तदाब नियंत्रण उपक्रम राबवला गेला. ठरलेल्या गोळ्या, त्यांचा अखंड पुरवठा आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, एवढेच त्याचे सूत्र होते. त्यात गूढ काही नव्हते.

कार्यकर्त्यांनी वस्तीतल्या दवाखान्यात जाऊन दोन प्रश्न विचारावेत: गोळ्या महिनाभर पुरतात काय? संध्याकाळी दार उघडे असते काय? उत्तर नकारार्थी असेल तेथे लढा उभारावा. आणि संत्रे जरूर खावे, फोडीवरच्या पांढऱ्या धाग्यांसकट खावे. मात्र फळ म्हणून, गोळीच्या बदली नव्हे.